मिरजेत मामांना आतड्याच्या कॅन्सरसाठी केमोबरोबर बेव्हॅसिझुमॅब सुरू केलंय. ते गाठीचं रक्त तोडतं म्हणजे काय?

गाठ एक-दोन मिलिमीटरची होईपर्यंत आसपासच्या ऑक्सिजनवर तिचं भागतं. पुढे आतल्या पेशी गुदमरतात आणि व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. त्या सांगाव्यावर शेजारच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. कृष्णेवरच्या पाइपलाइनला कुणी चोरून जोड मारावा, तसंच. ही वाट अडवायची कल्पना अमेरिकन सर्जन ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली. अमेरिकेत हे औषध मंजूर व्हायला २००४ उजाडलं! ते व्हीईजीएफलाच पकडून ठेवतं. पण एवढ्यावर गाठ क्वचितच मरते, म्हणून तर सोबत केमो.

मामांचं बीपी बघत राहा. काळी शौच किंवा रक्त दिसलं तर लगेच दवाखाना. जखमा उशिरा भरतात, म्हणून साधा दात काढायचा असला तरी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.