वाचनालयातला ऑर्गन भंगारात देऊ नका

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयाच्या सभागृहात पायाने वाजवायचा जुना ऑर्गन आहे. पूर्वी उत्सवातल्या संगीत नाटकांना तो असायचा, आता वीसेक वर्षं बंद आहे. माझा भाचा लिव्हरपूलला असतो. त्याने तिथल्या सभागृहातल्या ऑर्गनचा व्हिडिओ पाठवला, भिंतभर नुसत्या नळ्या! आमचा ऑर्गन त्याच कुळातला का? समितीतले काहीजण म्हणतात, हा भंगारात द्या आणि कीबोर्ड घ्या. आपलं मत कळवावं.
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : देऊ नका. आधी हे सांगतो, बाकीचं मग.

भाच्याने पाठवलेला ऑर्गन बहुधा सेंट जॉर्जेस हॉलमधला असावा. हेन्री विलिसने तो 1855 साली बांधला, नळ्या सात हजारांहून जास्त. त्याचं आणि तुमच्या ऑर्गनचं नाव एक, पण घराणं वेगळं. त्याच्या बहुतेक नळ्या बासरीसारख्या बोलतात. खालून हवा येते, नळीच्या तोंडाच्या धारेवर आपटते आणि आतला हवेचा खांब थरथरतो. नळी जितकी लांब तितका सूर खाली. आठ फुटी उघडी नळी जो सूर देते, त्याच्या खालच्या सप्तकातला तोच सूर हवा असेल तर सोळा फुटी नळी लागते. म्हणून ते वाद्य भिंत व्यापतं.

तुमच्या ऑर्गनमध्ये नळ्या नाहीत, पितळी सूर आहेत, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पितळेच्या पातळ पात्या, पेटीत असतात तशाच. फरक हवेचा. पेटीचा भाता हवा सुरातून बाहेर ढकलतो. तुमचा अमेरिकन पद्धतीचा असेल, तर पायडल मारल्यावर भात्यातली हवा उपसली जाते आणि बाहेरची हवा सुरांमधून आत ओढली जाते. म्हणून त्याचा आवाज मऊ आणि गोल येतो, गाणाऱ्याच्या गळ्याखाली गादीसारखा पसरतो. शिवाय भात्याचं काम पाय करतात, दोन्ही हात मोकळे. उजव्या हाताने पदाच्या मागून जायचं, डाव्याने खर्ज भरायचा, गुडघ्याने पट्टी दाबून आवाज वाढवायचा. नटाने श्वास घेतला की ती जागा भरायची. कीबोर्डवर सूर मिळतील, पण पायाच्या दाबासरशी फुलणारा, ओसरणारा हा श्वास मिळणार नाही.

मी नववीत असताना आमच्या रामनवमीच्या उत्सवात ‘सौभद्र’ होतं. ऑर्गन शेजारच्या गावातून चार गड्यांनी पालखीसारखा उचलून आणला होता. दुसऱ्या अंकात भात्याचं कातडं फाटलं. वादकाने मला खाली बसवलं आणि फाटलेल्या जागी ओला पंचा दाबून धरायला लावला. अंक संपेपर्यंत मी तसाच बसलो होतो. हवा आत जाताना पंचा हाताला ओढ द्यायचा आणि वर पद चालू असायचं. पुढची चाळीस वर्षं मी ऑर्गन वाजवला, तो त्या रात्रीमुळे.

लिव्हरपूलकरांची एक गोष्ट मात्र जरूर घ्या. ऑर्गन बांधून ते थांबले नाहीत, नगरपालिकेने पगारी वादक नेमला. डब्ल्यू. टी. बेस्ट हे त्याचं नाव. जवळजवळ चाळीस वर्षं तो तिथे वाजवत होता. ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या रचना तो एकट्याने ऑर्गनवर ऐकवायचा. सभागृहाला ऑर्गन होता आणि ऑर्गनला माणूस होता. तुमच्याकडे ऑर्गन आहे, माणूस नाही. तेव्हा दुरुस्तीची वर्गणी काढण्याआधी गावातली पेटी शिकणारी दोन मुलं शोधा. भजनी मंडळात नक्की सापडतील.

आता दुरुस्ती. पावसाळ्यात ऑर्गन उघडू नका. दमट हवेत लाकूड फुगलेलं असतं, पट्ट्या अडकतात आणि नसलेले दोष दिसतात. दसऱ्यानंतर चांगलं ऊन पडू लागलं की मागची फळी काढा. आत उंदराचं घरटं असेल, भात्याचं कापड विरलेलं असेल, सुरांवर हिरवी पुटं असतील. घाबरू नका, हे सगळं सुधारतं. फक्त सुरांना तेल लावू नका आणि कानस तर मुळीच नको. सुराचं टोक घासलं की तो चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. हौशी हाताने केलेली ही चूक भरून काढणं फार अवघड. नुसत्या मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. एकेक सूर बाहेर काढायचा तर जाणत्या कारागिराकडूनच, आणि सूर बसतात त्या प्रत्येक खाचेला नंबर घालून.

पुढच्या पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून आत कमी वॅटचा दिवा लावून ठेवा, लाकूड आणि कापड यांपासून लांब, आणि वायर वायरमनकडून तपासून घ्या. दर शनिवारी अर्धा तास कुणीतरी वाजवलाच पाहिजे.

फळी काढलीत की आतले फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, भात्याचा जवळून घेतलेला एक तरी असू द्या. दिवाळीनंतर मी कणकवलीला येणार आहे, तिथून तुमच्याकडे येईन. त्या दोन मुलांना तेव्हा बोलावून ठेवा.