रिपोर्ट नॉर्मल, दुखणं कायम

प्रश्न : पत्नी ४४ वर्षांची. तीन वर्षं छातीत धडधड, बसल्या जागी धाप, तोंडाला कोरड, पोट फुगणं, मळमळ, मान-पाठ दुखणं. ईसीजी, टूडी इको, एंडोस्कोपी सगळं नॉर्मल. आता केसपेपरवर 'एफ ४५' लिहिलंय. म्हणजे हे मनाचं ठरवलं का? – एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : एफ ४५ हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतला 'सोमॅटोफॉर्म डिसऑर्डर'चा, म्हणजे तपासण्यांत कारण न सापडणाऱ्या शारीरिक तक्रारींचा कोड. तो मानसोपचाराच्या प्रकरणात येतो, म्हणून घरचे बिचकतात. 'वैद्यकीय कारण सापडत नाही' हा या निदानाचा कणा होता, आणि तो कमकुवतच होता. कारण सापडणं हे कुणी किती आणि काय तपासलं यावरही अवलंबून असतं. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेतून ही अट काढून टाकली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत 'बॉडिली डिस्ट्रेस डिसऑर्डर' (शारीरिक तक्रारींनी होणारा त्रास) असं नाव असून त्याचे सौम्य, मध्यम आणि तीव्र असे प्रकार आहेत. तिथे पाहतात ते हे : लक्षणं कित्येक महिने, बहुतेक दिवस आहेत का; त्यांच्याकडे लक्ष वाजवीपेक्षा जास्त जातंय का; रोजची कामं अडतात का. निदान झालेला आजार असला, तरी हे लेबल सोबत लागू शकतं.

डॅनिश संशोधकांची मांडणी मला कामासाठी जास्त सोयीची वाटते. लक्षणांचे चार गट : हृदय-श्वसन, पोट, स्नायू-सांधे, आणि थकवा-डोकेदुखी-चक्कर. एका गटातली तीन किंवा अधिक लक्षणं असली की तो गट धरायचा. एक-दोन गट म्हणजे मर्यादित प्रकार, तीन-चार गट म्हणजे तीव्र प्रकार. तुमच्या पत्रावरून पहिल्या गटात तीन (धडधड, धाप, कोरड), पोटात दोन, स्नायूंत दोन. म्हणजे एकच गट धरला जातो. हृदयवाल्यांनी धडधड पाहिली, पोटवाल्यांनी फुगणं; सगळी यादी एका कागदावर बहुधा कुणीच मांडली नाही. ती तुम्ही मांडा.

त्याआधी हिमोग्राम, टीएसएच (थायरॉइड), साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंड), लिव्हर आणि बी १२ जीवनसत्त्व यांची तपासणी एकदा झालेली असावी. शाकाहारी घरात बी १२ कमी निघणं नवलाचं नाही. मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर आणखीच. शिवाय ४४व्या वर्षी पाळी जाण्याच्या तोंडावर धडधड आणि घाम येतो, तेही विचारून घ्या. एवढं झाल्यावर तेच इको दर सहा महिन्यांनी काढू नका. नॉर्मल रिपोर्टचा दिलासा फार टिकत नाही.

एकच फॅमिली डॉक्टर धरा आणि दर चार-सहा आठवड्यांची ठरलेली भेट घ्या, बरं वाटत असलं तरी. त्रास वाढला की धावायचं, हा शिरस्ता पडला की भेट मिळवायला त्रासच वाढावा लागतो.

चालणं वाईट दिवशी झेपेल तेवढ्यापासून सुरू करा, समजा ८ मिनिटं, आणि आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा. चूक इथेच होते : बऱ्या दिवशी अख्खं घर झाडून काढायचं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. मात्र थोड्या श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंगातलं त्राणच जात असेल आणि ते कित्येक दिवस भरून येत नसेल, तर वेळ वाढवत नेऊ नका. तो वेगळा आजार असू शकतो, डॉक्टरांना आधी हेच सांगा.

प्रश्न : मोबाइलवर पीएचक्यू-१५ ही शारीरिक तक्रारींची प्रश्नावली भरली, १२ गुण आले. मला हा 'एफ ४५'वाला आजार आहे का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही, एवढ्यावरून म्हणता येत नाही. १५ तक्रारी, प्रत्येकीला ०, १ किंवा २. ५, १० आणि १५ या सौम्य, मध्यम आणि तीव्रच्या पायऱ्या. गुण तक्रारींचं ओझं सांगतात, कारण नाही. थायरॉइड बिघडलेल्यालाही १२ येतील. गेल्या चार आठवड्यांचंच भरायचं असतं. बरेच जण जुनी दुखणीही त्यात ओततात. पाळीचा प्रश्न पुरुषांना लागू नाही, म्हणून त्यांची कमाल २८.

प्रश्न : आई ६८ची, रिपोर्ट चांगले, तरी तब्येत 'वाईटच' म्हणते. बायपास झालेला मामा मात्र 'मजेत' म्हणतो. आई उगाच करते का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : उगाच नाही. 'एकूण तब्येत कशी?' हा एका ओळीचा प्रश्न संशोधनात अनेक दशकं वापरला जातो, आणि त्याच्या उत्तराचा पुढच्या आयुर्मानाशी संबंध वारंवार दिसलेला आहे. माणूस हे उत्तर रिपोर्टवरून देत नाही. किती ठिकाणी दुखतंय, झोप कशी लागते, जिना चढवतो का, यावरून देतो. मामांचा आजार मोठा, पण रोजच्या तक्रारी कमी असतील.

म्हणून आईंना 'तुला काही झालेलं नाही' असं सांगू नका. 'या आठवड्यात काय करायचं राहिलं?' असं विचारा. देवळात जाणं सुटलं असेल, तर गुडघा की चक्कर, हे कळतं आणि त्यावर उपाय करता येतो. वजन आपोआप उतरणं, शौचातून रक्त, रेंगाळणारा ताप, झोपमोड करणारं दुखणं, या वयात पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी : यातलं काही असेल, तर जुने नॉर्मल रिपोर्ट बाजूला ठेवून नव्याने तपासून घ्या.