लेसोथोच्या कादंबरीवर काम करायचंय? आधी मोरिजा बघ

अरे, लगेच थॉमस मोफोलोची 'चाका' ही कादंबरी वाचायला घेऊ नकोस, आधी लेसोथोतलं मोरिजा हे गाव समजून घे. मिशनऱ्यांचा छापखाना तिथलाच, १८६३ ला सुरू झालेला 'लेसेलिन्याना' हा सेसोथो, म्हणजे तिथल्या भाषेतला, पेपरही तिथलाच, आणि थॉमस मोफोलोची पहिली कादंबरी १९०७ ला पुस्तक म्हणून आली तीपण तिथूनच. 'चाका' मात्र लिहून झाल्यावर कितीतरी वर्षं पडून होती, जुन्या विधींबद्दलचं लिखाण मिशनऱ्यांना खटकलं म्हणतात, छापली थेट १९२५ ला, आणि तोवर या माणसाचं लिहिणं सुटलेलं, मला हे अजून लागतं रे. इंग्रजीतून वाचणार असशील तर डॅनियल कुनेने यांचं १९८१ चं भाषांतर घे, त्यांना सेसोथो आतून येत होती. जमलं तर थोडी सेसोथो शिकच.