बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. की एम.सी.ए.? एम.सी.ए. ही 'खरी' पदव्युत्तर पदवी आहे का?

तुम्ही निपाणीचे असून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय घेऊन बी.एस्सी. झाला आहात, आणि एम.एस्सी., एम.सी.ए., एम.टेक. व एम.बी.ए. यांत फरक काय, प्रवेशाला काय लागते आणि घरचे म्हणतात त्याप्रमाणे एम.सी.ए. ही 'खरी' पदव्युत्तर पदवी नसते का, असे विचारले आहे. शेवटचा प्रश्न वाचल्यावर मला उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण तो आमच्या घरात गेली वीस वर्षे विचारला जात आहे. एम.सी.ए. (मास्टर ऑफ कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स) ही पूर्ण पदव्युत्तर पदवी आहे. तिला 'कॉम्प्युटरचा कोर्स' म्हणणाऱ्यांना या पदवीची माहिती नाही, मग ते वयाने कितीही मोठे असोत.

मी खानापूर तालुक्यातली. माझे थोरले काका हायस्कुलात गणित शिकवत, आणि घराण्यातून कोणीतरी गणितात एम.एस्सी. व्हावे ही त्यांची इच्छा माझ्या वाट्याला आली होती. मी 2004 साली बेळगावातून बी.एस्सी. झाले तेव्हा एकूण गुण 57 टक्के होते, त्यामुळे प्रवेश मिळणार याविषयी आम्हा दोघांनाही शंका नव्हती. काका स्वतः माझ्याबरोबर एका विद्यापीठात अर्ज द्यायला आले. तिथल्या कारकुनाने तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका पुढे ओढल्या, भाषांचे पेपर बाजूला काढले, फक्त गणिताच्या पेपरांची बेरीज केली आणि 48 हा आकडा लिहून त्याभोवती पेन्सिलीने गोल काढला. त्या विभागाला एकूण गुणांशी कर्तव्य नव्हते; ज्या विषयात एम.एस्सी. करायची त्या विषयात 50 टक्के हवे होते. माझी टक्केवारी वर नेली होती ती मराठीच्या आणि इंग्रजीच्या पेपरांनी, आणि ते गुण तिथे जमेस धरले गेले नाहीत. परतीच्या बसमध्ये काका एक शब्दही बोलले नाहीत.

त्याच महिन्यात एका मैत्रिणीने मला एम.सी.ए.च्या प्रवेश परीक्षेचे माहितीपत्रक दाखवले. तिथे अट वेगळी होती: कोणतीही पदवी चालत होती, मात्र बारावीला किंवा पदवीला गणित हवे आणि सर्व विषयांचे मिळून 50 टक्के हवेत. म्हणजे ज्या मराठीच्या पेपरातले गुण एका दारात निरुपयोगी ठरले होते, तेच दुसऱ्या दारात माझ्या कामी आले. मी परीक्षा दिली, बेळगावातच प्रवेश मिळाला, आणि तेव्हा तीन वर्षांचा असलेला तो अभ्यासक्रम 2007 साली पूर्ण केला. काकांनी त्या तीन वर्षांत एकदाही माझ्या अभ्यासाची चौकशी केली नाही. पाहुण्यांना ते सांगत, "गणित सोडलं तिनं. मशीन चालवायला शिकण्याला मास्टर्स म्हणत नाहीत." डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, ग्राफ थिअरी या गणिताच्याच शाखा आणि अल्गोरिदमचे पुरावे यांच्या वह्या मी मुद्दाम त्यांच्या टेबलावर ठेवत असे, त्यांनी त्या उघडल्या नाहीत.

यातला खरा फरक समजून घ्या. एम.एस्सी. ही एका विषयाची पदवी आहे. तो विषय बहुतेक ठिकाणी तुमच्या बी.एस्सी.त असावा लागतो, आणि त्यातले गुण बहुधा स्वतंत्रपणे पाहिले जातात. एम.सी.ए. आणि एम.बी.ए. या व्यावसायिक पदव्या आहेत. तिथे साधारणपणे एकूण 50 टक्के (राखीव प्रवर्गांना 45) आणि प्रवेश परीक्षेतला क्रमांक महत्त्वाचा असतो. कर्नाटकात त्यासाठी पीजीसीईटी आहे. एम.सी.ए. 2020 पासून दोन वर्षांची झाली आहे, आणि ज्यांच्या पदवीला संगणक हा विषय नव्हता त्यांना ब्रिज कोर्स (संगणकाच्या पायाभूत विषयांचा पूरक अभ्यासक्रम) करावा लागतो. एम.टेक.चा विचार तुम्ही सध्या सोडून द्या, कारण ती मुख्यतः बी.ई. झालेल्यांसाठी आहे, गेट या एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या परीक्षेला तुम्ही बसू शकता, पण संगणकशास्त्रातल्या काही एम.टेक.ची वाट खुली होते ती एम.एस्सी. किंवा एम.सी.ए. झाल्यावर. गणितात वा भौतिकशास्त्रात गुण चांगले असतील तर आय.आय.टी.तल्या एम.एस्सी.साठी जॅम आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी या परीक्षा अवश्य द्या. आपल्या भागातली मुले त्यांचे अर्जच भरत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. एम.बी.ए.विषयी माझे मत चांगले नाही: नोकरीचा अनुभव न घेता केलेली एम.बी.ए. मला पैशांचा अपव्यय वाटते.

राहिला 'खरेपणा'चा मुद्दा. प्राध्यापकपदासाठीच्या यूजीसी-नेट परीक्षेला पदव्युत्तर पदवीत 55 टक्के (राखीव प्रवर्गांना 50) लागतात, आणि संगणकशास्त्राची नेट एम.सी.ए. झालेल्यांना देता येते. मी ती दिली, उत्तीर्ण झाले, आणि आज पदवी महाविद्यालयात बी.सी.ए.च्या मुलांना शिकवते. पीएच.डी.साठी अर्ज केला तेव्हाही माझी पदवी कमी दर्जाची आहे असे मला कोणी म्हटले नाही. तुमच्या घरच्यांना ही नेटची अट छापील स्वरूपात दाखवा. मी ती काकांना दाखवली होती. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि "बरं" एवढेच म्हणाले. तरीही मागच्या दिवाळीत पाहुण्यांपुढे त्यांच्या तोंडी 'कोर्स' हा शब्द पुन्हा आलाच, आणि मी सर्वांसमक्ष तो दुरुस्त केला.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुम्हाला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे, तेव्हा महाराष्ट्राची सीईटीही द्या. तिथल्या व्यावसायिक प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी 'ई' प्रकारची पात्रता असते, पण तिचे पुरावे आधी जमवावे लागतात आणि मायग्रेशन (एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्याचे प्रमाणपत्र) काढायलाही वेळ जातो. दुसरे म्हणजे एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीची जी चर्चा चालते, ती चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांसाठी आहे. तुमची पदवी तीन वर्षांची असेल तर दोन वर्षे धरूनच चाला. आणि मी सांगितलेल्या टक्केवाऱ्या सर्वसाधारण आहेत, त्यामुळे अर्जापूर्वी त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचा, आणि भाषांचे पेपर वगळून प्रत्येक विषयाची बेरीज स्वतः करा.