पेढीवाला म्हणतो, कुड्या ठेवून जा

गुहागरच्या एका ताईंचा प्रश्न: मुलीच्या लग्नासाठी पंधरा महिन्यांपूर्वी मुंबईच्या एका पेढीतून १ लाख ८५ हजारांच्या हिऱ्याच्या कुड्या घेतल्या. परवा डोहाळजेवणाला जाऊबाईंनी त्या उन्हात धरल्या आणि म्हणाल्या, "इतके रंग मारतायत, हा अमेरिकन डायमंड." पेढीवाला म्हणतो, "पेन लावला की वाजतो, म्हणजे खराच. शंका असेल तर ठेवून जा, तपासून देतो." काय करू?

ताई, कुड्या ठेवून येऊ नका. उद्या खडे बदलले तर पेढीनेच बदलले हे तुम्ही सिद्ध कसं करणार? गावच्या सोनाराकडून खडे उचकटूनही घेऊ नका, कारण मग हाच आरोप तुमच्यावर उलटेल.

जाऊबाईंची शंका अगदीच निराधार नाही. क्युबिक झिरकोनिया, म्हणजे अमेरिकन डायमंड, हिऱ्यापेक्षा जास्त रंग फेकतो आणि वापराने त्याच्या पैलूंच्या कडा झिजतात. पण रंग खरा हिराही फेकतो. पेढीवाल्याचा पेनही पुरेसा नाही. तो उष्णता किती भरभर पसरते ते मोजतो, आणि मोझनाईट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच खडा, त्यावर हिऱ्यासारखाच वाजतो. दहापट भिंगाखाली खडा तिरका धरला की मोझनाईटच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा मात्र नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतच नाही. तो खरा कार्बनच असतो. पण न सांगता खाणीतला म्हणून विकला असेल तर तीही अनुचित व्यापारी प्रथाच. आणि सोन्यावरचा हॉलमार्क सोन्यापुरताच असतो, खड्याची हमी देत नाही.

म्हणून रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत कुड्या स्वतः घेऊन जा. जडवलेल्या खड्याचीही ओळख पटवता येते. अहवालात दागिन्याचा फोटो आणि वजन येईल असं पाहा.

तुमच्या पावतीवर "डायमंड ०.९० कॅरेट" असं स्पष्ट लिहिलंय, हे तुमचं बळ. "ए.डी.", म्हणजे अमेरिकन डायमंड, लिहिलं असतं तर मी तुम्हाला भांडायला सांगितलं नसतं. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १५ प्रमाणे माल पावतीवरच्या वर्णनासारखाच हवा.

अहवाल पेढीच्या विरोधात आला तर स्पीड पोस्टाने नोटीस द्या, पंधरा दिवसांची मुदत द्या. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पेढी मुंबईत असली तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे रत्नागिरीला, तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. पेढीने अहवाल नाकारला तर आयोग कुड्या सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तो खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल.

पोलिसांत फसवणुकीची तक्रारही होते, पण तिथे विकतानाच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि पेढीवाला "मलाच व्यापाऱ्याने फसवलं" म्हणेल. मी आधी आयोगाकडेच गेलो असतो.

आयोगाकडे तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. ती पावतीच्या तारखेपासूनच धरा, म्हणजे तुमच्या हातात नऊ महिने आहेत. नोटिशीला उत्तर येईल म्हणून गणपती, शिमगा असं पुढे ढकलत बसू नका. आणि पेढीशी फोनवर बोलणं थांबवा. जे सांगायचं ते लेखी.