तंबोऱ्याच्या रेकॉर्डिंगमधली घुंऽऽ काढताना जवारीच गेली, आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की आईंच्या तंबोऱ्याचं (सूर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी) लॅपटॉपवर रेकॉर्डिंग केलं, मागे घुंऽऽ येत होती म्हणून ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन लावलं आणि तंबोरा पाण्यात बुडाल्यासारखा वाजायला लागला; जवारी, म्हणजे तारांचा तो झंकार, गेली. मूळ फाईल आहे ना? मग काही बिघडलेलं नाही.

मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीत जवारी लावताना बघत तासन्‌तास बसलोय. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा, माथा किंचित घासायचा, तारेखालचं सूत सरकवायचं, छेडायचं, पुन्हा घासायचं. एवढा जीव ओततात तो वरच्या स्वरांशांसाठी, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणाऱ्या वरच्या सुरांसाठी. तार घोडीच्या उताराला चाटत थरथरते, म्हणून छेडून झाल्यावरही ते फुलत राहतात. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम व्ह्यू (आवाजातल्या सुरांचं चित्र) लावा, आडव्या रेघांची शिडी दिसेल. वरच्या रेघा फिक्या असतात, आणि नॉइज रिडक्शन नेमक्या त्याच खातं. त्यातून प्रोफाइल, म्हणजे गोंगाटाचा नमुना, घेताना तार पुरती विझलेली नसेल, तर सॉफ्टवेअरच्या लेखी तंबोराच गोंगाट ठरतो. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय.

घुंऽऽ विजेची असणार. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती ५०, १००, १५० ला सापडते. काळी चारचा षड्ज सुमारे २०७.७ हर्ट्झ, म्हणजे खर्ज (खालच्या सप्तकातला षड्ज) १०३.८. घुंऽऽ खर्जाला अगदी खेटून आहे! म्हणून आधी नीट बघा, मग कापा. सेकंदाला ४४१०० नमुन्यांच्या रेकॉर्डिंगवर प्लॉट स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या हर्ट्झला किती आवाज, त्याचा आलेख) साइझ २०४८ ठेवलात तर आलेखाचं एकेक घर २१.५ हर्ट्झचं होतं आणि दोन्ही एकातच मिसळतात. ३२७६८ ठेवा. घर १.३५ हर्ट्झचं होईल आणि १०० चं शिखर खर्जापासून सुटं दिसेल. त्यासाठी निदान दोन-तीन सेकंदांचा तुकडा निवडा.

मग नॉच फिल्टर, म्हणजे एकाच हर्ट्झवर बारीक खाच पाडणारा. आधी ५०, मग १००, दोन्हीला क्यू (खाच किती अरुंद ते) ३० च्या आसपास. क्यू कमी ठेवलात तर खाच रुंद होते आणि खर्ज पोकळ पडतो. १५० ला हात लावायचा तो ऐकू येत असेल तरच, कारण मंद्र पंचम तिथून जवळच, १५५.७ ला आहे. इक्वलायझर नकोच. बारीक सूं राहिली तर राहू द्या, जवारी तिच्याहून मोलाची.

आणि आई अजून छेडत असतील तर चार्जर काढून, लॅपटॉप बॅटरीवर ठेवून पुन्हा एकदा रेकॉर्ड करा. सुरुवातीला दहा सेकंद कुणीच काही वाजवू नका, म्हणजे नुसत्या गोंगाटाचा नमुना मिळेल.