एचबीएसएजी निगेटिव्ह आल्यावरही आणखी तपासण्या कशासाठी?

प्रश्न : हिपॅटायटिस बीसाठी केलेला माझा एचबीएसएजीचा अहवाल ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ आला, तरीही डॉक्टरांनी अँटी-एचबीएस आणि टोटल अँटी-एचबीसी या तपासण्या सांगितल्या आहेत. पूर्वी लस घेतली होती की नाही, हे मला आठवत नाही. पुन्हा रक्त देण्याची खरोखरच गरज आहे का?

उत्तर : गरज आहे. एचबीएसएजी हे हिपॅटायटिस बी विषाणूच्या आवरणावरील प्रथिन असून ते रक्तात आढळल्यास सध्या संसर्ग आहे, आणि सहा महिन्यांनंतरही आढळत राहिल्यास तो दीर्घकालीन झाला, असे समजतात. ते आढळले नाही, तर आज संसर्ग दिसत नाही, इतकेच कळते. संसर्ग नुकताच झाला असेल, तर हे प्रथिन रक्तात दिसू लागण्यास काही आठवडे लागतात, हेही ध्यानात घ्यावे.

अँटी-एचबीएस ही संरक्षक प्रतिपिंडे होत. लसीकरण पूर्ण झाल्यावर एक ते दोन महिन्यांनी त्यांची पातळी 10 मिली आययू प्रति मिलिलिटर किंवा अधिक असल्यास संरक्षण मिळाले असे मानतात. पुढे काही वर्षांनी हा आकडा उतरतो. पण निरोगी माणसाने सर्व डोस घेतलेले असतील, तर तेवढ्यावरून संरक्षण संपले असे म्हणता येत नाही. तुमच्याकडे लसीची नोंदच नसल्याने, आकडा कमी आला आणि अँटी-एचबीसीही निगेटिव्ह असली, तर लस घेणे श्रेयस्कर. आधी घेतलेली असली, तरी पुन्हा घेतल्याने अपाय होत नाही.

माझ्या मते सर्वांत बोलकी तपासणी अँटी-एचबीसीची. लसीत आवरणाचेच प्रथिन असते, विषाणूच्या गाभ्याचे नसते. त्यामुळे गाभ्याविरुद्धची ही प्रतिपिंडे प्रत्यक्ष संसर्ग झाल्याशिवाय तयार होत नाहीत. ती अँटी-एचबीएससोबत आढळली, तर संसर्ग होऊन बरा झालेला असतो. केवळ अँटी-एचबीएस आढळले, तर ती लसीची करामत. एकटी अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आली, की मात्र गुंता होतो : जुन्या संसर्गानंतरची संरक्षक प्रतिपिंडे ओसरलेली असू शकतात, अहवाल खोटा पॉझिटिव्ह असू शकतो किंवा संसर्ग अलीकडचाच असून एचबीएसएजी नाहीसे झाल्यावर अँटी-एचबीएस अजून उमटलेले नसू शकते. अशा वेळी डॉक्टर आयजीएम अँटी-एचबीसी (अलीकडच्या संसर्गात आढळणारा या प्रतिपिंडांचा प्रकार) किंवा विषाणूच्या डीएनएची तपासणी सांगतात.

बऱ्या झालेल्या संसर्गानंतरही विषाणूचा अंश यकृताच्या पेशींत उरतो आणि केमोथेरपी किंवा रिटुक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू झाल्यावर तो पुन्हा उसळू शकतो. म्हणून अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आल्यास तो अहवाल जपून ठेवावा आणि असे उपचार सुरू होण्यापूर्वीच संबंधित डॉक्टरांना दाखवावा.